गिअरचं ऑइल जन्मभर टिकतं म्हणे!

मंडळी, आज नोएडातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी अडूनच बसले.

माझी नऊ वर्षांची ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटके देतेय. गिअरबॉक्स गेला तर गाडीच विकावी लागेल. म्हणून म्हटलं, त्यातलं ऑइल बदला.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हसला. "मॅडम, लाइफटाइम ऑइल है. बदलना नहीं पड़ता."

"किसकी लाइफटाइम, भैया? गाड़ी की या वॉरंटी की? यही बात जॉब कार्ड पर लिखकर साइन कर दो."

त्याने सही केली नाही. मेकॅनिकला ऑइल काढायला सांगितलं. काळंकुट्ट निघालं, जळका वास येत होता.

"मॅडम, पहले आना चाहिए था!"

पहले? गेल्या वर्षी हेच 'लाइफटाइम' ऐकवून त्यानेच मला परत पाठवलं होतं!

आता मी ऐकून घेणार नाही, लिहून घेणार. तुम्ही?