नदी साऱ्याईची

अमरावतीच्या फ्लॅटमध्ये ओल्या गोधडीचा वास आला की मला मूर्तिजापूरकडचा आमचा नदीकाठ आठवतो. घटस्थापनेआधी गावभरच्या बायका तिथे गोधड्या धुवायच्या आणि काठावरच्या उतारावर वाळवायच्या. त्या वर्षी नेमके तिथेच तंबू उभे होते. शहर, नोकऱ्या सोडून आलेली, जटा वाढवलेली पोरंपोरी दिवसभर ढोल बडवत बसायची. गावातले पुरुष दोनदा भांडून हात हलवत परत आले होते. आम्ही बायका गेलो, तर एक जटावाला गोड हसून म्हणाला, "काकू, नदी सगळ्यांची असते." सासूबाईंनी पदर खोचला. आम्ही गोधड्या धुतल्या, मुद्दाम पिळल्या नाहीत, आणि पाणी गळत असतानाच त्यांच्या तंबूंवर पसरल्या. एकेक तंबू खाली बसला. जटावाला ओरडत बाहेर आला, तशा सासूबाई म्हणाल्या, "नदी साऱ्याईची हाय न बाबू? मंग तंबूबी साऱ्याईचेच!" तो आधी चिडला, मग हसतच सुटला. संध्याकाळपर्यंत तंबू वरच्या पडीक वावरात गेले होते आणि तीच पोरं गोधडीची टोकं धरून आमच्यासोबत पीळ देत होती. आता पार्किंगमध्ये माझ्या जागेवर गाडी लावून कुणी "जागा सगळ्यांची आहे" म्हणालं, तर मी भांडत नाही. वर जाते आणि गोधडी भिजत घालते.