चार्ज घेतला

माझ्या मेव्हणीच्या सासऱ्यांइतका शिस्तीचा वाचक मराठी भाषेला आजवर मिळालेला नाही, आणि तो नेमका माझ्यासारख्याच्या वाट्याला यावा हा भल्याभल्या लेखकांवर अन्याय आहे. मेव्हणीचे सासरे हे नातंही असं, की लग्नाला बोलावलं तर जायचं आणि नाही बोलावलं तर रुसायचं नाही. मी पेणला राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात ब्लॉग लिहितो. ते राहतात रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात. वडील खारपट्टीतल्या मिठागरावर होते, यांचं शिक्षण सातवीपर्यंत, आणि सगळी नोकरी नागोठण्याकडच्या एका कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये, तिन्ही शिफ्टमध्ये गेली. अशा माणसाचा आणि माझ्या ब्लॉगचा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण एका साखरपुड्याच्या जेवणाला ते माझ्या शेजारी बसले, बोलायला दुसरा विषय सुचेना म्हणून मी त्यांना ब्लॉग उघडून दिला, आणि त्या दिवसापासून मी ड्यूटीवर लागलो.

ब्लॉगचं नाव ‘माळ्यावरचं सामान’. नावाप्रमाणेच तिथे काय सापडेल याचा नेम नाही. बुलबुलाचं घरटं, पोह्याचे पापड लाटण्याची पद्धत, जुनी वजनमापं, ग्रहणं, बुद्धिबळातली प्यादी, कंदिलाच्या काचा, आमच्या आळीतल्या गणपतीच्या कारखान्यातला रंगाचा वास, असं सगळं मी त्यात भरत असतो. बायको म्हणते, “काय लिहिलं नाही ते सांगा, यादी आटोपशीर होईल.” एका विषयात मुरलो असतो तर कदाचित चार लोकांनी ओळखलंही असतं. पण माझं मन एका जागी ठरत नाही. शाळेतले सहकारी तर इतके तत्पर, की मी लिंक पाठवली की लेख उघडायच्या आधीच त्यांचा अंगठा येतो.

मेव्हणीच्या सासऱ्यांचा, म्हणजे काकांचा, अंगठा कधी आला नाही. साखरपुड्यानंतरच्या पहिल्याच लेखाखाली दोन शब्द उमटले, “चार्ज घेतला.” मला काही कळेना. मी नम्रपणे विचारलं, तर त्यांचा फोनच आला. “मास्तर, शिफ्ट सुटताना आपन काय करतो? काय झालं, काय नाय झालं, सगळं लॉगबुकात लिवतो. मंग पुढचा मानूस येतो, ते वाचतो, सही करतो, चार्ज घेतो. त्याला रिलीव्हर म्हनतात. तवा आपन घरी जायाचं. तुमी लिवलं, मी वाचलं. तुमी आता घरी जा.” मी घरीच आहे, असं मी म्हणालो, पण ते त्यांना फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. तेव्हापासून प्रत्येक लेखाखाली तेच दोन शब्द. ‘छान’ नाही, ‘अप्रतिम’ नाही, हात जोडल्याचं चित्र नाही.

लॉगबुकात लिहिलेलं खरंच आहे का, हे जागेवर जाऊन बघण्याची त्यांची सवय मात्र निवृत्तीनंतरही सुटली नव्हती, आणि तिचा मला फार जाच झाला. एकदा मी जिते स्टेशनजवळच्या एका पिंपळावर लेख लिहिला. गाडीच्या खिडकीतून दिसलेला, पानं सळसळणारा, अंमळ हळवा असा लेख होता. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. “जित्याला उतरून बघितलं. वड हाय.” परतीची गाडी तीन तासांनी होती, तोवर ते त्याच वडाखाली बसून राहिले होते. मी खजील होऊन विचारलं, “काका, कंटाळला असाल.” तर म्हणाले, “नाय, सावली बरी हाय. ती तुमी बरोबर लिवलीय.” मी लेखात पिंपळाचा वड केला, पण सळसळ तशीच राहिली, आणि वडाला ती शोभत नाही हे मला आजही खुपतं.

मिठावरच्या लेखाने तर कहर केला. शाळेच्या पुस्तकातलं बाष्पीभवन, स्फटिक, सगळं मी त्यात नीट मांडलं होतं. रविवारी सकाळी काका पिशवीत जाडं मीठ घेऊन दारात हजर. “मास्तर, लिवलंय बेस. पन आगरातला चिखल कवा पायानं तुडवलाय काय?” मी नाही म्हणताच त्यांनी मला चपला काढायला लावल्या. खाडीचं पाणी घ्यायच्या आधी मिठागराची जमीन पायांनी तुडवून दगडासारखी घट्ट करावी लागते, नाहीतर मीठ काळं पडतं, हे माझ्या लेखात नव्हतं. मग आमच्या अंगणात, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, आम्ही दोघे पंधरा मिनिटं पाय आपटत होतो. “टाच नाय, टाच नाय! तळवा टेकवा!” असं ते ओरडत होते आणि शेजारची माणसं गॅलरीत जमली होती. त्या लेखाला मी तीन परिच्छेद नव्याने जोडले. ब्लॉगवरचा तो एकच लेख मला आजही वाचावासा वाटतो.

आणि तरीही मी ब्लॉग बंद करायला निघालो होतो.

त्याचं असं झालं की ब्लॉगवर प्रत्येक लेखाचे वाचक किती, याचा आकडा दिसतो. माझा आकडा नऊच्या आसपास असायचा. नऊ म्हणजे काही गर्दी नव्हे, पण मी त्या नऊ जणांना मनातल्या मनात घरं बांधून दिली होती. एक नाशिकच्या निवृत्त बाई, एक परदेशात मराठीला आसुसलेला तरुण, एक पक्षीमित्र. मग वरशाला मेव्हणीकडे सत्यनारायणाच्या पूजेला गेलो असता ती प्रसाद वाढता वाढता सहज म्हणाली, “भावोजी, तुमचा लेख आला की आमच्या घरात धावपळ असते हो. बाबा स्वतःच्या फोनवर उघडतात, ह्यांच्या फोनवर उघडतात, माझ्या फोनवर, मुलीच्या टॅबवर, आणि शेजारच्यांचाही फोन मागून आणतात. म्हणतात, एक पंप बंद पडला तर दुसरा स्टँडबाय हवा.” सगळे हसले. मीही हसलो. नऊतून पाच गेले, उरलेल्या चारांत मी स्वतः आणि बायको. नाशिकच्या बाई प्रसादाच्या द्रोणात विरघळून गेल्या.

घरी आल्यावर मी हिशेबाने वागलो असं मला वाटलं. शिकवण्या घेता येतील, चालायला जाता येईल, एवढी वर्षं हे कुणासाठी चाललंय? दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर निरोपाचा लेख लिहिला. लिहिताना थोडं रडूही आलं, कारण माझं निरोपाचं लिखाण मला फार आवडतं. लेख टाकला आणि नेहमीच्या दोन शब्दांची वाट पाहत बसलो.

ते आले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. एरवी काकांची सही संध्याकाळच्या आत व्हायची. चौथ्या दिवशी मला राहवेना. म्हातारा आजारी तर नाही, म्हणून सुट्टी टाकून रोह्याची गाडी पकडली. वरशाला पोचलो तर काका ओट्यावर धडधाकट बसलेले, पुढ्यात एक जाडजूड रजिस्टर. कंपनीतून निवृत्त होताना कोरं मागून आणलेलं ते लॉगबुक होतं. त्यात माझे सगळे लेख नोंदलेले होते. तारीख, विषय, शेरा, सही. ‘बुलबुल: सर्व ठीक.’ ‘ग्रहण: दोनदा वाचलं, समजलं.’ ‘वजनमापं: प्रेशर कमी. मास्तरचं मन नाय.’ शेवटच्या ओळीत माझा निरोपाचा लेख होता, आणि सहीची जागा कोरी.

“सही का नाही केली?” मी विचारलं.

“चार्ज घ्यायला मी तयार हाय,” काका म्हणाले, “पन मंग पुढच्या टायमाला मी कुनाकडनं घेऊ?”

मी म्हणालो, “काका, वाचणारं कोणी नाही हो. तुमचेच पाच फोन.”

काकांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, “एका साली अंबा नदीला पूर आला. प्लांट बंद, रस्ता बंद, माझा रिलीव्हर पलीकडं अडकला. दोन दिवस आमी तिघं आत. दर तासाला मी रीडिंग लिवत होतो. सगळे काटे शून्यावर, तरी लिवत होतो. बरोबरचे हसले, म्हनाले कोन वाचनार हाय? तिसऱ्या दिवशी रिलीव्हर ट्रॅक्टरवर उभा ऱ्हाऊन आला, ओला चिंब. आन पयलं काय केलं? बसला आन सगळं वाचलं. शून्य, शून्य, शून्य. समदं वाचून सही केली. मंग मी घरी गेलो.”

मी रजिस्टरची पानं उलटत राहिलो. तेव्हा एक रकाना माझ्या लक्षात आला, ‘लागलेला वेळ’. कंदिलाच्या काचांवरचा लेख: एक तास चाळीस मिनिटं. तो लेख मी दहावीच्या पेपर तपासणीच्या मधल्या वेळात पाऊण तासात खरडला होता. मी लिहायला दिला त्याच्या दुप्पट वेळ या माणसाने तो वाचायला दिला होता, सातवीच्या शिदोरीवर, ओळीखाली बोट धरून, एकही शब्द न गाळता. मला माझी शरम वाटली, आणि त्याहून जास्त, असा वाचक आपल्याला लाभला म्हणून भरून आलं. मोठमोठ्या लेखकांना नऊ हजार वाचक असतील. त्यांतला एक तरी, वड आहे की पिंपळ हे बघायला, जित्याला उतरला असेल का? त्याच ओट्यावर बसून मी फोनवर चार ओळींचा लेख लिहिला, वरशाच्या ओट्यावरच्या चहाविषयी. काकांनी तो माझ्यासमोर वाचला, अकरा मिनिटं घेतली, आणि सही केली.

निरोपाचा लेख मी काढलेला नाही. तो ब्लॉगवर आहे, आणि त्याच्याखालची जागा कोरी आहे.

आता काकांची नजर अधू होत चालली आहे. ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखं दिसत नाही. मेव्हणी अक्षरं मोठी करून देते. मी वाचून दाखवलेलं त्यांना चालत नाही, लॉगबुक स्वतः वाचायचं असतं म्हणतात. वेळाचा रकाना वाढतो आहे, मागच्या लेखाला तीन तास लागले. मी वाक्यं लहान लिहायला लागलो आहे, आणि उगाच सळसळणारी पानं तर साफ बंद केली आहेत. आज सकाळी लेख टाकला तो खाडीवरच्या बगळ्यांचा. दुपार टळून गेली, अजून काही आलेलं नाही. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली. मी तिला म्हटलं, तू घे वाढून, माझी अजून शिफ्ट सुटायची आहे.