फुगेमावशींचं अक्षर

फुगेमावशींना मी फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मी त्यांचं कौतुक करत बसेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, काय भला माणूस आहे हा.

आमची प्रकाशनसंस्था परदेशी चित्रकथा आपल्या भाषेत आणते. जपान सोडून कुठल्याही देशाच्या. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायच्या, शिवाय त्यांतले फुगे उभे नि चिंचोळे. आपल्या मात्रा-वेलांट्या त्यांत कोंबायच्या म्हणजे लठ्ठ पाहुण्याला बालवाडीच्या खुर्चीत बसवण्यासारखं, असं आमचे मालक म्हणतात. फुगा म्हणजे पात्राच्या तोंडाकडे शेपटी असलेला तो पांढरा गोल, ज्यात त्याचं बोलणं असतं. त्या बोलण्याचं भाषांतर मी करायचो आणि मावशी ते हातानं फुग्यात लिहायच्या. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

मूळ फुगे पांढऱ्या रंगानं बुजवायचे, पेन्सिलीनं बारीक रेघा आखायच्या, काळ्या शाईनं लिहायचं आणि शाई वाळली की रेघा खोडायच्या. एका पानाला दीड-दोन तास. मी चोविसाव्या वर्षी तिथं लागलो, तेव्हा माझं एकेक वाक्य मारुतीच्या शेपटासारखं असायचं. मावशी कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायच्या.

"अरे, हा माणूस कड्यावरून खाली पडतोय. पडता पडता कुणी 'परंतु' म्हणतं का?"

"मग काय म्हणेल?"

"'पण' म्हणेल. नाहीतर काहीच म्हणणार नाही. पडू दे की त्याला सुखानं."

भाषांतर मला त्यांनीच शिकवलं. हे मी चारचौघांत कधी कबूल केलं नाही, तेही इथं मांडून ठेवतो.

प्रत्येक पात्राला त्या वेगळं वळण द्यायच्या. चोराचं अक्षर किंचित तिरकं, म्हाताऱ्याचं थरथरतं, लहान मुलीचं गोल गरगरीत. खोटं बोलणाऱ्याचं अक्षर मुद्दाम जास्त टापटीप. वाचकाच्या ते लक्षात यायचं नाही, पण कुठेतरी खटकायचं, आणि मावशींना तेवढंच हवं असायचं.

त्यांच्या टेबलामागे एक फळी होती, फक्त आवडत्या पुस्तकांची. पत्ता चुकलेली पत्रं घेऊन गावोगाव हिंडणारा उत्तरेकडचा निवृत्त पोस्टमन. मोठ्या नदीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्या दक्षिणेकडच्या एका कुटुंबाची सात भागांची मालिका. बापाचा बंद पडलेला कारखाना आठवून आठवून काढणाऱ्या एका लेकीचं जाडजूड काळं-पांढरं पुस्तक. ते लिहिताना मावशी दोनदा रडल्या आणि दोन्ही वेळा पान पुन्हा करावं लागलं. पण सगळ्यांत लाडकं कोणतं म्हणाल, तर बर्फात हरवलेल्या कुत्र्याचं, ज्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही फुगा नव्हता. "यात मला काही काम नाही," त्या म्हणायच्या, "म्हणून निवांत वाचता येतं."

दोन वर्षांपूर्वी मालकांनी मला आत बोलावलं. दुसरे प्रकाशक महिन्याला तीन पुस्तकं काढत होते, आम्ही जेमतेम एक. संगणकातली तयार अक्षरं लावून आम्ही एक पुस्तक करून पाहिलं होतं, त्यावर वाचकांची पत्रं आली की औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचल्यासारखं वाटतं.

"त्यांना मावशींचंच अक्षर हवंय ना?" मालक म्हणाले. "मग मावशींचंच अक्षर संगणकात घालू. त्यांच्या अक्षराचा फाँट."

"त्यांना विचारायला हवं."

"विचारलं आणि नाही म्हणाल्या तर? आधी करू, मग तू सांग. तुझं ऐकतात त्या."

माझं ऐकतात, हे ऐकून मला बरं वाटलं. इतका मी हलका माणूस.

मी मावशींना सांगितलं की पुढेमागे नवी माणसं घ्यावी लागतील, त्यांना वळण शिकवायला तक्ता हवाय. सगळी अक्षरं, सगळी जोडाक्षरं, प्रत्येक तीन-तीनदा काढा. हात दर वेळी थोडा बदलतो ना, तो फरक दिसू दे. ही तीन-तीनदाची मागणी फाँट बनवणाऱ्याची होती. अक्षरं आलटून पालटून येतात, मग छापील वाटत नाहीत.

मावशी नऊ दिवस बसल्या. नवा चष्मा करून आणला. शेवटच्या दिवशी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "'ङ' पण काढलाय. कुणी वापरत नाही, पण शिकणाऱ्याला माहीत असावा. आणि हे बघ, 'ळ' जरा मोकळा ठेवलाय, पोट दाबलं की तो रागावल्यासारखा दिसतो." मी गठ्ठा उचलला आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.

फाँट तयार झाला. मावशींकडे पुस्तकांची नावं आणि 'धडाम', 'खण्ण' असले मोठे आवाज तेवढे उरले. बाकी वेळ त्यांना जुन्या पुस्तकांच्या दुरुस्त्या देत राहिलो. "फुग्यांचं काम कमी झालंय का रे?" त्यांनी विचारलं. "जरा मंदी आहे," मी म्हणालो. आज सांगू, उद्या सांगू करता करता छापखान्यातून खोकं आलं.

तरवाल्या कुटुंबाचा नवा, आठवा भाग होता तो. मावशींनी माझ्याच टेबलावर खोकं फोडलं, पुस्तक हातात घेतलं, चार पानं उलटली आणि थांबल्या.

"हे मी कधी केलं रे?"

'तुम्ही नाही केलं' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. कुठल्याही फुग्यात मावले असते. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि भलतंच बोलून गेलो.

"गेल्या उन्हाळ्यात नाही का? सलग बसला होतात की."

"असेल," त्या म्हणाल्या. मग अजून पानं उलटून हळूच म्हणाल्या, "तस्कराचं आणि पोलिसाचं एकच वळण काढलंय. मी असं कसं केलं? डोकं ठिकाणावर नव्हतं का माझं?"

आपल्या अक्षराबद्दल त्यांना शंका येणं शक्यच नव्हतं. शंका स्वतःबद्दल आली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामाची वही ठेवायला सुरुवात केली. तारीख, पान, किती फुगे, खाली सही. तीन महिन्यांनी दुसरं पुस्तक आलं. त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या.

"हे पुस्तक यात नाहीये. एकही पान नाहीये."

"लिहायचं राहिलं असेल, मावशी," मी म्हणालो. "होतं असं. मी तर चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो."

त्या हसल्या नाहीत. पहिलं खोटं घाबरून बोललो, असं म्हणता येईल. दुसरं मी विचार करून बोललो. पहिलं उघड पडू नये म्हणून मी एका बाईला तिच्याच वहीवर विश्वास ठेवू दिला नाही.

आणखी तीन महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. "हात चालतोय, पण डोकं चालत नाही," असं मालकांना सांगितलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मालकांकडे पाहिलं, दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. निरोपाचं भाषण मीच केलं. लोकांना फार आवडलं ते. मावशींनी आपल्या दोन भाड्याच्या खोल्या सोडल्या आणि लेकीकडे राहायला गेल्या, कारण असं विसरणाऱ्या माणसानं एकटं राहणं बरं नव्हे. पहिल्या पुस्तकाला तोवर सहा महिने झाले होते. पुढचे चार महिने मी तिकडे फिरकलो नाही. कामं फार होती, असं घरी सांगायचो.

मग एके दिवशी त्यांच्या लेकीचा फोन आला.

"डॉक्टर विचारतायत, विसरणं नक्की कधी सुरू झालं. आम्हाला घरी तर काही जाणवलंच नव्हतं. तपासण्यांत पण काही ठोस नाही. पण आई म्हणते म्हणजे असणारच. तुम्ही रोज बरोबर होता, तुम्हाला काही आठवतं का? पुढच्या आठवड्यात औषधं सुरू करायचीत."

तारीख मला तोंडपाठ होती. "येऊन सांगतो," म्हणालो आणि त्याच दुपारी लॅपटॉप घेऊन निघालो.

लेक कामावर होती, सहाला यायची. दाराला बाहेरून कुलूप. किल्ली शेजारच्या बाईंकडे. त्यांनी मला नीट न्याहाळून दार उघडलं आणि जाताना पुन्हा बाहेरून कुलूप लावता लावता म्हणाल्या, "गॅस त्यांना लावू देऊ नका हं."

बाहेरच्या खोलीत घडीच्या पलंगावर मावशी बसल्या होत्या. वाळल्या होत्या. भिंतींवर सगळीकडे कागदी फुगे चिकटवलेले, मावशींनीच लिहिलेले. ओट्याकडे शेपटी असलेला फुगा म्हणत होता, 'मला बंद केलंस का?' नळ म्हणत होता, 'आणि मला?' प्रत्येकाचं वळण वेगळं, नळाचं तर ओघळल्यासारखं. हे लिहिणाऱ्या बाईच्या डोक्यात बिघाड आहे, यावर लोकांचा विश्वास बसला कसा, असं क्षणभर मनात आलं. माझ्यामुळे बसला होता.

"ये रे," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलास. ओळखते हं मी तुला अजून."

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तक्ता, फाँट, पहिलं पुस्तक, दुसरं पुस्तक. बसलो असतो तर पुन्हा काहीतरी गोड बोललो असतो.

त्या म्हणाल्या, "माझं मन राखायला बोलतोयस तू."

मी लॅपटॉप उघडला. "काय लिहू ते सांगा."

"लिही, मावशी वेडी नाही."

मी टाइप केलं. पडद्यावर त्यांच्याच अक्षरात वाक्य उमटलं. 'ळ' त्यात नव्हता, म्हणून त्यांनी 'काळं' लिहायला सांगितलं, मग 'गोळा', मग 'जवळ'. तीन वेळचे तीन 'ळ' त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. स्वतः न लिहिलेलं स्वतःचं अक्षर.

आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. "म्हणजे मी बरी आहे! अरे, मी बरी आहे!" त्या उठल्या, खोलीत एक फेरी मारली, माझ्या पाठीवर थाप मारली. मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्यांना इतका आनंद झाला होता की रागवायचं सुचतच नव्हतं, आणि तो आनंद बघताना मला तोंड लपवायला जागा सापडेना.

मग त्या हळूहळू खाली बसल्या.

"किती महिने झाले?"

"दहा."

"दहा महिने," त्या म्हणाल्या. "खोल्या गेल्या माझ्या." बराच वेळ त्या दाराकडे, बाहेरून कुलूप असणाऱ्या त्या दाराकडे, बघत राहिल्या. पुढचं बोलणं त्यांनी माझ्याकडे न बघता केलं. "तुम्ही हे सगळं लिहून द्या. लेकीला मी सांगितलं तर तिला वाटेल, आईनं मनानं रचलं."

वीस वर्षांत पहिल्यांदा त्या मला अहो-जाहो करत होत्या.

मी लॅपटॉपकडे हात नेला.

"त्यात नको. त्यात लिहिलंत तर ती म्हणेल, आईनंच लिहिलंय. हातानं लिहा."

माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. मी कागद घेतला आणि लिहायला लागलो. 'आमच्याकडून झालेल्या गैरसमजामुळे' इथवर आलो तर त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"गैरसमज कुणाचा? खोडा. 'फसवलं' लिहा. आणि 'आमच्याकडून' नाही. 'मी'."

मी खोडलं. 'मी फसवलं' लिहिलं. दोन्ही पुस्तकांच्या तारखा लिहिल्या, दोन्ही वेळा काय बोललो ते लिहिलं, खाली सही केली. एरवी माझी वाक्यं छाटणाऱ्या मावशींनी त्या दिवशी एकही शब्द कमी करू दिला नाही.

सहाला कुलूप उघडल्याचा आवाज आला. लेक आत आली, खांद्यावरची पिशवी तशीच. मावशींनी कागद पुढे केला. तिनं तो उभ्यानंच वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मावशी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. परीक्षेचा निकाल लागायचा असावा, तशा.

लेकीनं कागद खाली केला आणि आईकडे न बघता मला विचारलं, "हे खरं आहे? की आईनं तुमच्याकडून लिहून घेतलंय?"

"लिहून घेतलंय," मी म्हणालो. "पण खरं आहे."

तिनं मान हलवली. लगेच पटलं तिला. दहा महिने खोटं बोललेल्या माणसाचा नुसता शब्द तिला पुरला, आणि मावशींनी ते पाहिलं.