झोपून पाच, उभं राहून साडेसात

मंडळी, आत्ताच घरी आलोय. माझ्या डाव्या पायाची शीर फुगली आहे. गेल्या आठवड्यात एका डॉक्टरांनी सोनोग्राफीत तिची रुंदी साडेसात मिलिमीटर मोजली आणि लेझरचं ऑपरेशन सुचवलं. मला आकडाच फुगवलेला वाटला, म्हणून आज दुसरीकडे गेलो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी झोपवून मोजलं. "पाचच आहे, काका. ऑपरेशनची गरज दिसत नाही."

मनात म्हटलं, सापडला चोर! पण मी बुधवार पेठेत व्होल्टेज मोजायचे मीटर दुरुस्त करतो, तेही स्वतः शिकून. दोन मीटर जुळले नाहीत, तर आधी मोजण्याची पद्धत बघायची.

"अहो, तिकडे मला उभं केलं होतं; उभं राहिलं की शिरेत रक्त भरतं. आणि आपण सोनोग्राफीचा प्रोब पायावर दाबताय. शीर चपटी होणार, आकडाही कमी दिसणार."

"मग तुम्हीच मोजता का?"

"नको, आपणच मोजा. मी फक्त उभा राहतो."

मॅडमनी मला उभं करून, हलक्या हातानं मोजलं. साडेसात.

"लागलं तुमचं ऑपरेशन, काका. झालं समाधान?"

झालं. रिपोर्टवर 'उभे राहून' हे शब्दही लिहून घेतले.

पाच ऐकून मी खुशीत घरी आलो असतो. सोयीच्या आकड्यावर संशय कोण घेतो? तुमच्यापैकी कुणाची शीर मोजली असेल, तर ती कशी मोजली होती हो?