दोन लांब, एक आखूड

खंडाळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. पावसाळ्यात तिथे धुकं न विचारता घरात यायचं, ताटाच्या कडेला बसायचं, उशीच्या अभ्र्यात मुक्काम करायचं. समोरची शेजारीण दिसायची नाही, पण घाट चढणारी गाडी ऐकू यायची. चढावर गाडीला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात. त्यातल्या एकावर माझा नवरा असिस्टंट ड्रायव्हर होता. त्या इंजिनाची शिट्टी धुक्यातून यायची ती कापसात गुंडाळल्यासारखी. दोन लांब, एक आखूड.

मी तिचा अर्थ लावला. दोन लांब, एक आखूड म्हणजे आज जेवायला घरी येतो, भाकरी टाक. नुसती एक लांब म्हणजे उशीर होईल, तू जेवून घे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याला विचारलंही नव्हतं. विचारलं तर गुपित कसलं राहिलं? ज्या दिवशी शिट्टी खरी ठरायची त्या दिवशी कॅलेंडरवर कुंकवाची टिकली लावायची. आषाढ संपेपर्यंत पान लालेलाल झालं. मग माझं धाडस वाढलं. क्वार्टरमधल्या दोघी आपापल्या नवऱ्यांच्या शिट्ट्या उकलून घ्यायला माझ्याकडे येऊ लागल्या. मी डोळे मिटून, मान जराशी वाकडी करून ऐकायची आणि सांगायची. काय तो थाट! आज ती पोरगी भेटली तर मी तिच्या दोन्ही वेण्या एकत्र बांधून ठेवीन.

एकदा नवऱ्याला ताप आला. तीन दिवस तो घोंगडी पांघरून आमच्याच खाटेवर पडून होता. दुपारी धुक्यातून शिट्टी आली, दोन लांब, एक आखूड, आणि मी उठून पीठ मळायला घेतलं.

"कुणासाठी गं?" खाटेवरून आवाज आला.

"तुम्ही येताय ना जेवायला," मी म्हणाले.

तेव्हा सगळं सांगावं लागलं. आधी मी हार मानली नाही. म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाकडे निरोप ठेवला असेल. तो हसून हसून खोकला. शिट्टी ड्रायव्हर वाजवतो, म्हणाला, आणि ती पुढच्या इंजिनासाठी असते. मग कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "आणि चुकलेल्या दिवशी काय लावतेस?"

"ते कशाला मोजायचे?"

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं.

आता तो नाही. मी लोणावळ्यात लेकाकडे असते. मागच्या वर्षीच्या आषाढात माहेराहून, वडिवळ्याहून, भावजयीचा फोन आला. "वन्सं, तुमी या बाई. ह्यांनी लावनी थांबवलीया. रोप कांड्यावर यायला लागलंय, आन ह्ये मोबाइल घिऊन बसल्यात."

भाताचं रोप थांबत नाही. वेळेत उपटून खाचरात लावलं नाही तर त्याला कांडी धरतात, मग ते फुटवे देत नाही. शिवाय आमच्याकडे लावणी इर्जिकीनं होते, आज सगळ्यांनी याच्या शेतात, उद्या त्याच्या. धाकट्या भावाची पाळी दोन दिवसांवर होती. ती गेली की पुन्हा कोण येणार? वर्षाचा घरचा भात गेला म्हणायचा.

मी पोचले तर धाकटा ओट्यावर बसलेला. साठी उलटलेला माणूस, पण चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"आक्के, ह्ये समदं पान्याखाली जानार हाय," तो म्हणाला. "धरनाची भिंत गुपचूप वाढवनारेत. खुना करून ठिवल्यात. आपल्याला कळू देत न्हाईत."

त्यानं मला व्हिडिओ दाखवला. एक दाढीवाला तरुण, मागे मावळाचा नकाशा, त्यावर लाल गोल. डोंगरातल्या दगडांवरचे पांढरे बाण, विजेच्या खांबांवरचे आकडे, पुलाच्या कठड्यावरची फुली. सगळं जोडून तो पाणी कुठवर येणार ते सांगत होता. आवाज असा की अंगाई म्हणावी. "मित्रांनो, हा योगायोग समजू नका." खोटं कशाला सांगू, मलाही गुंगी आली. बाहेर गावालगतच्या धरणावर धुकं उतरत होतं, आणि त्या आवाजात बाणाला बाण जुळत होता, जशी शिट्टीला शिट्टी जुळायची. पोरगा डोळे मिटायचा, मान जराशी वाकडी करायचा. ती मान मी ओळखली.

"बाण डोंगरात फिरायला येणारी पोरं काढत्यात, वाट चुकू नये म्हनून," मी म्हणाले.

"तसं वाटावं म्हनूनच काढल्यात."

हो म्हटलं तरी त्याचं खरं, नाही म्हटलं तरी त्याचंच खरं. भावजय आतून म्हणाली, "बघितलं? चार दिस झालं मी भिताडाशी बोलतीया."

"या आधी त्यानं काय सांगितलं हुतं?" मी विचारलं.

"मागच्या दिवाळीला भिंतीचं काम निघनार म्हनला हुता."

"निघालं?"

"लोकांनी वळखलं म्हनून त्येंनी फुडं ढकललं."

म्हणजे टिकली तेवढी लावायची, चुकलेला दिवस कोरा. संध्याकाळी पान लावायला चुन्याची डबी काढली आणि डबी हातात असतानाच मला ते सुचलं. म्हातारपणी अंगात येतं ते असं.

सकाळी धाकटा गुरांकडे गेला तेव्हा मी बांधावरच्या खोपीत गेले. आतल्या धोंड्याला पाऊस लागत नव्हता. बोटानं चुन्याचा एक गोल काढला. त्याच्या खाली दोन लांब रेघा आणि एक आखूड.

तासाभरात धाकटा धापा टाकत घरी. "आक्के, खुना करनारे आपल्या बांधावर आले! आपल्या!" त्यानं फोटो त्या तरुणाच्या ग्रुपवर टाकला. तो घाबरलेला बघून खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण उत्तर येईपर्यंत थांबले. दुपारी उत्तर आलं, नव्या व्हिडिओतच. गोल म्हणजे बुडणारं क्षेत्र. दोन लांब रेघा म्हणजे दोन भिंती, एक जुनी, एक नवी. आखूड रेघ म्हणजे उरलेला वेळ. "हा फोटो पाठवणाऱ्या भाऊंना माझा सलाम. या भाऊंनी डोळे उघडे ठेवले."

धाकट्याचा चेहरा एकदम उजळला. दोन्ही पोरं नोकरीला चिंचवडला, महिन्यातून एकदा येतात. त्याला सलाम कोण करणार?

तरी मी बोट पुढे केलं. नखात चुना होता.

"दोन लांब, एक आखूड," मी म्हणाले. "जेवाया येतो, भाकरी टाक."

खंडाळ्याची गोष्ट त्यानं मला शंभर वेळा चिडवायला वापरलेली. तरी समजायला वेळ लागला. मग फोन खाली ठेवून तो गोठ्यात जाऊन बसला. मी मागे गेले.

"लय वंगाळ केलंस," तो म्हणाला.

"व्हय."

"बाकीच्या खुना कुनी काढल्या मग?"

"बाणाचं म्या सांगितलं. बाकीचं मला न्हाई ठाव. ह्या एकीचं ठाव हाय. त्याला विचार, कुटली खून दिसली तर तू चुकलास म्हनशील?"

त्यानं तसं लिहिलं. चुन्याचंही लिहिलं, खोटं त्याला जमत नाही. थोड्या वेळानं त्या तरुणानं सगळ्यांना कळवलं की काही माणसं मुद्दाम खोट्या खुणा काढायला पेरलेली आहेत. आणि धाकट्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

"मला काढलं गं आक्के," तो म्हणाला. सलामाला उजळलेला तो चेहरा मला आठवला. त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इर्जिकीची माणसं आली. धाकटा माझ्याकडे न बघता रोपांच्या जुड्या टाकत होता. काही रोपं खरंच कांड्यावर गेली होती. वरचं एक खाचर त्या साली विरळच राहिलं, आणि त्याचा दोष तो अजून मला देतो. मी बांधावर डोक्यावरून पावसाचं इरलं घेऊन बसले होते. चिखलात माणसांचे पाय निघत, रुतत होते, हळूहळू पाणी हिरवं होत होतं. कामशेतच्या बाजूनं, धुक्याच्या आतून, गाडीचा भोंगा आला. दोन लांब. मी कान टवकारले.

एक आखूड.

धाकटा वाकलेला होता तो सरळ झाला. कालपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून त्यानं विचारलं, "काय म्हंत्यात दाजी?"

"काय न्हाई," मी म्हणाले. "गाडी चाललीया."

"मग उठलीस कशापायी?"

मी खरंच उठून उभी राहिले होते.

"भाकऱ्या टाकाया," मी म्हणाले. "तुमी समदी जेवाया येनारच हाय न्हवं."