पुणतांब्याला, एका भाकरीचा जाब विचारायला

पुणतांब्याला जायचं असेल तर उन्हाळ्यात जाऊ नका, दुष्काळात तर मुळीच नको. आम्ही नेमके बहात्तरच्या दुष्काळात गेलो. कारण माझे वडील, नाना. एकदा डोक्यात घेतलं की संपलं!

बेचाळीसच्या चळवळीत नाना तुरुंगात होते. तिथले तेव्हाचे डॉक्टर आता पुणतांब्याला राहतात, असं त्यांना कुठूनसं कळलं. "मला त्याला एकच इचारायचंय," एवढाच धोशा. काय ते मला पाठ होतं. त्यांचा जोडीदार कासम हगवणीनं झिजत चालला होता. तुरुंगात कुणी काय खायचं ते डॉक्टर ठरवायचे, त्यात जेलरचंही चालत नसे. डॉक्टरांनी कासमला नुसती पेज लिहून दिली. तो भाकरी मागत मागत गेला. नानांच्या हातात भाकरी होती, पण पहारेकऱ्यानं देऊ दिली नाही. "डॉक्टरनं मारलं त्याला," इथं नानांची गोष्ट संपायची.

नगरहून मनमाडकडची पॅसेंजर धरा. स्वस्त पडते, पण पाणी घरून न्या. राहुरीपुढे डबा नुसता भाजत होता. मी पार वैतागले होते. शिदोरीला रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरी आणि ठेचा, दुसरं होतंच काय! पुणतांब्याला उतरलो तर गोदावरीत वाळूच वाळू.

डॉक्टर ओसरीत खाटेवर पडून होते, पाय टम्म सुजलेले. नानांना त्यांनी ओळखलंच नाही. नाना कासमचं नाव काढणार, तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर आमच्या शिदोरीच्या फडक्यावर गेली.

"ठेचा आहे ना? एक घास द्या हो! अळणी खाऊ घालून मारतायत मला."

सून आतून धावत आली. "देऊ नका बरं! डॉक्टरनं मीठ बंद केलंय. जिवावर बेतंल."

नानांनी घास मोडलाही होता. म्हातारा हात पसरून बसलेला.

"न्हाई," नाना म्हणाले, आणि फडकं बांधलं. म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला.

विचारायचं ते राहिलंच. गाडीत मी चिडून म्हटलं, "मग एवढं उन्हातान्हात आलो कशाला?"

"त्याच्या जिवासाठी न्हाई म्हनलो, का कासमसाठी, माझं मलाच कळंना गं," नाना म्हणाले.

घरी आल्यावर वाळलेली भाकरी मी आमटीत कुस्करून खाल्ली. नाना उपाशीच झोपले. कासमची गोष्ट त्यांनी पुढंही खूपदा सांगितली, पण "डॉक्टरनं मारलं त्याला" असं पुन्हा कधी म्हटलं नाही.