सात नंबरचा आवाज

"मॅडम, हा सात नंबरचा आवाज माझ्या अव्वाचा हाय! माझ्या आईचा!"

फोनवर महादेवी रडत होती. माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

मी बाजारात बसणाऱ्या बायकांच्या रोजच्या आयुष्यावर संशोधन करते. महादेवी आमच्यासाठी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरून ट्रान्स्क्रिप्शन करायची, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द टाइप करायची. तिला सहावा महिना होता. सीमेवरच्या मैंदर्गी गावातल्या मुलाखतींची बोली अर्धी कानडी. ती समजणारं माणूस मिळेना. महादेवीचं माहेरच मैंदर्गी, हे ऐकून मी खूश झाले होते! अक्कल कुठं गहाण टाकली होती, देव जाणे.

फाइलींवर आम्ही नाव घालत नाही. भाजी विकणाऱ्या नागम्मांच्या फाइलवर नुसतं 'सात' होतं.

मुलाखत संपता संपता त्या म्हणाल्या होत्या, "छातीत गाठ हाय. सोलापुरात दिलेली लेक पोटुशी हाय, तिला कळलं तर धसका घील. तिचं बाळंतपण हुंदे, मग बगू."

"आधी डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं.

त्या हसल्या. "कुणाला कळणार न्हाय न्हवं?"

"तुमचं नाव कुठंही येणार नाही."

नाव खरंच आलं नाही.

हादरून मी संशोधनाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "कन्सेंट फॉर्मवर सही आहे ना त्यांची?"

"सही आहे, सर. पण पोटच्या पोरीला आईचा आवाज कळणार नाही का?"



महादेवी त्याच दिवशी नवऱ्याला घेऊन मैंदर्गीला गेली आणि आईला सोलापूरला घेऊन आली. तपासणी झाली, ऑपरेशन झालं. गाठ वाईटच होती, पण वेळेत निघाली, असं डॉक्टर म्हणाले.

मी दवाखान्यात भेटायला गेले. नागम्मा आभार मानतील असं मनात कुठंतरी वाटत होतं. लाज वाटते आता सांगायला.

"जीव वाचला, व्हय," त्या म्हणाल्या. "पर लेकीला मी सांगायचं हुतं, बाई. तुमच्या मशीननं न्हाय. पुसा ते समदं. हितं, माज्यासमोर."

मी लॅपटॉप उघडला. फाइल डिलीट केली. महादेवीला पाठवलेली कॉपीही काढली.

"झालं?"

"झालं."

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

आता टाइप करायला बाई ठेवताना मी आधी माहेर विचारते आणि त्या गावची फाइल तिला देत नाही. रिपोर्टमध्ये सहानंतर थेट आठ नंबर आहे. सर कारण लिहा म्हणतात. ते मी अजून लिहिलेलं नाही.